तिसरी खुंटी

"म्हंजे पोरगी मारून घेनार आन तुमी नुसतं मोजनार?"

हौसाक्कांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांच्या हातात उलथनं होतं आणि माझ्या हातात मोजणीचं छोटं यंत्र, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे सरकवणारं. दोघींच्या मध्ये स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वैजू बसली होती आणि आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती.

"नुसतं नाही," मी म्हटलं. "ती कशामुळे मारून घेते ते शोधायचंय. त्यासाठी मोजायचं."

"आन घावलं म्हंजे?"

"मग ते कारण काढून टाकायचं. आणि तिचे हात सोडायचे."

हौसाक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "ऱ्हावा मग. भाकरी खातायसा न्हवं?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मानसशास्त्राची पदवी पदरात पडली होती, अक्कल यायची होती. गडहिंग्लजपासून सात-आठ मैलांवरची ती निवासी शाळा. फाटकावर 'मतिमंद मुलामुलींसाठी' असं लिहिलेलं, तेव्हा तोच शब्द होता. पुण्याच्या माझ्या सरांनी, सबनीस सरांनी, मला तिथे तीन आठवड्यांसाठी पाठवलं होतं. एक ऑक्टोबरला माझं विमान होतं, पुढच्या शिक्षणासाठी. त्याआधी एक खरंखुरं काम स्वतःच्या हाताने पुरं करावं, एवढीच माझी हौस होती.

ते काम म्हणजे वैजयंता, वय वर्षं अकरा. बोलत नसे. उजव्या हाताची मूठ वळून डाव्या कानशिलावर मारून घ्यायची, एकदा सुरू झालं की तीस-चाळीस वेळा. कोल्हापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्या डोळ्याचा पडदा सुटत आलाय, हे असंच चाललं तर दिवाळीपर्यंत डोळा जाईल. म्हणून तिच्या दोन्ही हातांना काखेपासून मनगटापर्यंत लाकडी फळ्या बांधल्या होत्या. कोपर वाकत नसे, मूठ डोक्यापर्यंत पोचत नसे. मग ती डोकंच चौकटीपाशी न्यायची.

मुख्याध्यापक पट्टणशेट्टी सरांनी मला पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवून सगळं स्पष्ट केलं. "एकवीस तारखेला विश्वस्तांची सभा आहे, मॅडम. तोपर्यंत तुमच्या शास्त्रानं काही झालं तर आम्हाला हवंच आहे. नाही तर फळ्या कायम, आणि पोरीला मोठ्या इस्पितळात पाठवायचं ठरलंय. तिथं हात नुसते बांधत नाहीत, खाटेला बांधतात. मी बघून आलोय."

माझ्याकडे वीस दिवस होते.

वैजूला एक सवय होती. स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत लाकडी खुंट्यांची रांग होती. कुणी बाहेरून आलं की ती उठायची, त्याच्या खांद्यावरची पिशवी दोन्ही फळ्यांच्या चिमट्यात धरून काढून घ्यायची आणि खुंटीला लावायची. माझी शबनम पिशवी तिने तिसऱ्या खुंटीला लावली. पहिली खुंटी रिकामीच होती. मी दुसऱ्या दिवशी तिथे छत्री अडकवली तर तिने ती काढून माझ्या पायांशी आणून ठेवली.

"ती तिच्या आयची," हौसाक्का म्हणाल्या. "गोव्यात काजूच्या कारखान्यात असती ती. पयलं म्हैन्याला यायची. आता सात म्हैनं झालं, पत्त्या न्हाई."

माझी पद्धत हौसाक्कांना समजावताना माझी मलाच जास्त समजली. जुन्या धान्याच्या खोलीत मी दहा-दहा मिनिटांचे चार प्रसंग लावणार होते, रोज, क्रम बदलून. एकात मी वैजूकडे पाठ फिरवून मासिक वाचणार आणि तिने मारून घेतलं की धावत जाऊन तिला समजावणार. लक्ष वेधण्यासाठी करत असेल तर इथे आकडा वाढेल. दुसऱ्यात तिला डब्यात मणी टाकायला लावणार, आणि तिने मारून घेतलं की मणी उचलून घेणार. काम टाळायला करत असेल तर इथे वाढेल. तिसऱ्यात ती एकटी, आणि मी जाळीच्या खिडकीमागे पडद्याआड. चौथ्यात नुसता खेळ, मी सतत तिच्याशेजारी, काही मागायचं नाही, काही नाकारायचं नाही. चारही वेळा हात मोकळे. वीस फटके झाले की लगेच थांबायचं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

"आन त्या वीस फटक्यांचं काय?" हौसाक्कांनी विचारलं.

मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात एक जाडजूड टोपी ठेवली. गोधडीच्या चिंध्या चार पदरी शिवून केलेली, कानांवरून खाली येणारी. लाल-हिरव्या ठिगळांची ती टोपी घालून वैजू हसली. पुण्यात सबनीस सरांकडे परदेशी बनावटीचं शिरस्त्राण होतं, पण ते घालून कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

ते दिवस मला अजून मिनिटामिनिटाने आठवतात. फळ्या सोडल्या की वैजू आधी कोपर वाकवून बघायची, हळूच, ते अजून आपलंच आहे का याची खात्री करत. खेळाच्या दहा मिनिटांत ती माझा हात उलटा करून तळव्यावर आपला गाल टेकवायची आणि गुणगुणायची. सूर नव्हता त्याला, पण दमसास होता. तेव्हा मी मोजणीयंत्र डाव्या हातात धरून बसायची आणि अंगठा हलवावा लागू नये म्हणून मनात काहीबाही म्हणत राहायची. शास्त्रज्ञाने असं करायचं नसतं. मी केलं. ती पोरगी मला हवी होती, हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. चोवीस वर्षांची, एका पिशवीवर आलेली, महिन्याभरात देश सोडणारी बाई असलं काही बोलली असती तर पट्टणशेट्टी सरांनी माझ्याच हाताला फळ्या बांधल्या असत्या.

आठ दिवसांनी मी आलेख काढला आणि तो बघून मला रडू आलं. चारही रेषा एकमेकींत गुंतलेल्या. चार दिवस सगळीकडे जवळजवळ शून्य. उरलेल्या चार दिवशी पहिल्याच प्रसंगात वीस, मग तो कुठलाही असो. एकदा तर खेळाच्या प्रसंगात वीस, माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली असताना.

मी गावातल्या टेलिफोन बूथवरून सबनीस सरांना फोन लावला.

"चारपैकी एकही कारण नाही, सर."

"असं नसतं, संज्योत. कारण असतंच. ते तुझ्या खोलीत नसेल, एवढंच. सकाळी खोलीत येण्यापूर्वी काय होतं ते बघ. त्या चार दिवशी काय वेगळं होतं?"

मी पट्टणशेट्टी सरांकडून हालचाल रजिस्टर मागून घेतलं. त्यात बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद असे. माझे चार दिवस आणि त्यातले चार दिवस जुळले. एका दिवशी शिवणाचे शिक्षक रजेवर गेले होते, एकदा शाळेतल्या शिक्षिका पेडणेकरबाई परीक्षेला, एकदा दोन मुलं पालकांबरोबर घरी, एकदा खुद्द पट्टणशेट्टी सर कोल्हापूरला. सगळे सकाळी साडेनऊच्या सुमाराला शाळेच्या जीपने फाट्यापर्यंत गेलेले.

मला वाटलं, सापडलं. जीप! तिचा आवाज! मी ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी सकाळी तीनदा जीप सुरू करून फाटकाबाहेर नेऊन परत आणायला लावली. तो बिचारा आला-गेला, आला-गेला. वैजू उंबऱ्यावर बसून हौसाक्कांच्या हातून ताक पीत होती. तिने मानही वर केली नाही. चौथ्यांदा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमचं शास्त्र डिझेलवर चालतंय काय?" मग मी ते थांबवलं.

तेरा तारीख उजाडली. मला डॉक्टरांना भेटायला कोल्हापूरला जायचं होतं. अंघोळ करून, पिशवी घ्यायला पडवीत आले. एरवी त्या वेळी मी धान्याच्या खोलीत मणी मोजत असायची, म्हणून सकाळची पडवी मी कधी पाहिलीच नव्हती.

"जरा थांबा की," आतून हौसाक्का आल्या. हातात दह्याचं लहानसं लोटकं. "परगावी निघालायसा, तसंच कसं जाऊ द्यायचं? हात करा."

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या तळव्यावर चमचाभर दही आणि वर चिमूटभर साखर घातली.

मागे धप्प असा आवाज झाला. मग पुन्हा. वैजू उंबऱ्यावरून उठून चौकटीपाशी गेली होती आणि डोकं आपटत होती. तोंडातून आवाज नाही. नजर माझ्या तळव्यावर.

हौसाक्का लोटकं टाकून तिच्याकडे धावल्या, तिचं डोकं पोटाशी धरलं. मी मात्र तशीच उभी, हातावर दही घेऊन. लहानपणी प्रत्येक परीक्षेला निघताना माझ्या आईने हे दही मला दिलं होतं. इतकं रोजचं, की दिसतच नाही.

"हौसाक्का," मी विचारलं, "शिवणाचे मास्तर गेले तेव्हा त्यांना दही दिलंत?"

"दिलं की."

"पेडणेकरबाईंना?"

"परीक्षेला निघालेली बाई. तिला न्हाई द्यायचं व्हय?"

"वैजूच्या आईला?"

 वैजूच्या डोक्यावरून फिरणारा त्यांचा हात थांबला.

"दर म्हैन्याला," शेवटी त्या म्हणाल्या. "हितंच उभी ऱ्हायची ती. पोरगी बगत असायची. म्या म्हनायची, आयला दही दिलं, आता सुखानं जाऊन सुखानं येती बग." मग हळूच, "म्हंजे हे माज्या हातानं झालं व्हय, बाई?"

"कुणाच्याच हाताने नाही," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते, पण त्यांना ते पोचलंही नाही. त्यांनी लोटकं उचललं, घासलं आणि फडताळात पालथं घातलं.

त्या दिवशी मी कोल्हापूरला गेले नाही. सिद्ध करून दाखवायचं होतं. पुढचे चार दिवस मी तीनच प्रसंग लावले. एकात हौसाक्का माझ्या हातावर दही देणार आणि मी कुठेच जाणार नाही, तिथेच बसून राहणार. दुसऱ्यात मी दह्याशिवाय पिशवी घेऊन फाटकाबाहेर जाणार आणि दहा मिनिटं दिसणार नाही. तिसऱ्यात दही वाटीतून वैजूला खायला देणार. हौसाक्का पहिल्याला तयार होईनात. शेवटी तयार झाल्या, पण दही घालताना त्यांनी मान वळवली.

आकडे असे आले. हातावर दही, आणि मी समोर बसलेली: तिन्ही वेळा वीस, दोन मिनिटांच्या आत. वाटीतलं दही: शून्य, आणि वाटी चाटूनपुसून साफ. दह्याशिवाय मी गेलेली: शून्य, शून्य, शून्य. जाळीच्या खिडकीतून पेडणेकरबाई मोजत होत्या. त्यांनी शेजारी लिहून ठेवलं होतं, 'दाराकडे बघत शांत बसली. मध्ये एकदा हसली.'

मी समोर होते तरी ती मारून घेत होती, आणि मी खरोखर निघून गेले तेव्हा स्वस्थ होती. माणूस जातं ते दह्याने. दही दिलं नाही म्हणजे माणूस गेलेलंच नाही, इथेच कुठे तरी आहे, येईल आत्ता. इतका स्वच्छ आलेख मी त्यानंतरच्या सगळ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

फोनवर सबनीस सर खूश झाले. मग म्हणाले, "आता दोन रस्ते आहेत. एक, दही बंद करायचं. उद्यापासून फटके थांबतील. दुसरा लांबचा. तिला निरोप शिकवायचा. माणूस जातं आणि परत येतं, आधी पाच मिनिटांनी, मग तासाने, मग दिवसाने. आणि काही माणसं येत नाहीत, तेव्हा काय करायचं, हेही. सहा महिने तरी जातील. कुणाला तरी तिथे राहावं लागेल."

"सभा परवा आहे, सर."

"आणि तुझं विमान एक तारखेला."

"हो."

"मग तू ठरव," ते म्हणाले.

मी ठरवलं. रात्रीची भाकरी वाढताना हौसाक्कांना सांगितलं की दही बंद, कायमचं, कुणालाच नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. भाकरीवर लोणी ठेवलं, आणि ते ठेवून झाल्यावरही तिथेच उभ्या राहिल्या. "पर बाई, मग तिला कळायचं कसं? मानूस गेलं म्हनून?"

"कळायची गरजच काय आहे, हौसाक्का? कळलं की मारून घेते."

त्या चुलीकडे वळल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी मी तेलरंगाचा डबा आणून एका पत्र्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'येथून निघणाऱ्या कोणाच्याही हातावर दही देऊ नये.' ड्रायव्हरने तो पत्रा पडवीत ठोकला. येणारेजाणारे वाचून हसत. विश्वस्तही हसले. मग वैजूला त्यांच्यासमोर आणलं, फळ्यांशिवाय. तिने अध्यक्षांची पिशवी काढून घेतली आणि पाचव्या खुंटीला लावली. दही बंद केल्यापासूनचा आकडा मी वाचून दाखवला, तो शून्य होता. अध्यक्ष म्हणाले, "तिला कुठेही पाठवायचं नाही." पट्टणशेट्टी सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि मग डोळे.

बावीस तारखेला मी निघाले. हौसाक्कांनी भाकऱ्या बांधून दिल्या. हात मात्र पदरात गुंडाळून घेतले होते, जणू ते चुकून पुढे होतील. वैजू तिसऱ्या खुंटीपाशी गेली, पिशवी काढली, मोकळ्या हातांनी माझ्या खांद्यावर अडकवली. पट्टा सरळ केला. मी तिचा गाल धरला. तिने माझा तळवा उलटा करून बघितला. रिकामा होता. ती हसली.

फाटकातून मी मागे वळून पाहिलं. ती दारात उभी होती, दोन्ही हात बाजूला सोडून. एकदाही मारून घेतलं नाही. एस्टीत बसल्यावर मी वहीत शून्य लिहिलं आणि मग खिडकीकडे तोंड करून कोल्हापूरपर्यंत रडले.

माझा निबंध छापून आला. लोक तो अजून वाचतात, त्यातल्या आलेखाचं कौतुक करतात. पुढे मी बरीच मुलं पाहिली, बरेच हात मोकळे केले. परदेशात आणि नंतर पुण्यातही, वर्षातून दोनदा मला एक पत्र यायचं. हौसाक्का सांगायच्या आणि पेडणेकरबाई लिहायच्या. 'वैजू बरी आहे. मारून घेत नाही, डोळा चांगला आहे. एस्टीच्या वेळेला दारात उभी असते.' पहिली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचायची. तिसरं वाचून घडी घालायची. मग वाटायचं, पुढच्या सुट्टीत जाऊ. जाऊन काय करायचं, ते मात्र सुचत नसे. परत निघावं लागेल, आणि तेही तिला न कळता. कितीदा तरी हात धुताना तळवा उलटा करून बघायची मला सवय लागली. तो गाल तिथे हवा होता.

वीस वर्षांनी गेले. पट्टणशेट्टी सर गेल्याचं कळलं, त्यांच्या शोकसभेला. पडवी तशीच होती, पत्राही तसाच, अक्षरांचा लाल रंग उडालेला. हौसाक्का ऐंशीच्या घरात, खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होत्या. आणि दारात एक उंच, हाडापेराने मोठी बाई उभी होती, केसांत एकदोन पांढऱ्या बटा. तिने मला पाहिलं. आश्चर्य नाही, काही नाही. माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि तिसऱ्या खुंटीला लावली.

"ती खुटी कुनाला दिली न्हाई तिनं," हौसाक्का म्हणाल्या. "वीस वरसं."

पहिली खुंटीही रिकामी होती. मी तिकडे बघितलं तसं त्या म्हणाल्या, "आली हुती तिची आय. तुमी गेल्यावर चार वरसांनी, एकदाच. पोरीचं हात मोकळं बगून लई रडली. जाताना म्या दही न्हाई दिलं, तुमचा बोर्ड हुता न्हवं. पुडच्या पावसाळ्यात वारली तिकडंच. हिला सांगायचं कसं? हिच्या लेखी ती फाट्यापतोर गेलीया."

मी दिवसभर तिथे होते. वैजूने माझा तळवा उलटा करून गाल टेकवला आणि गुणगुणली. आवाज जाडा झाला होता, दमसास तोच. वीस वर्षं मला ज्याची आस होती ते मला दिवसभर मिळालं, आणि क्षणभरही ते मला सुखाने घेता आलं नाही, कारण चारच्या एस्टीने मी जाणार होते आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

साडेतीनला मी स्वयंपाकघरात गेले आणि वाटीत दही घेतलं.

"बाई," हौसाक्का म्हणाल्या. "बोर्ड तुमीच लिवलाय."

"हो. चुकलंच ते."

मी वैजूसमोर बसले. वाटी तिच्या हातात दिली आणि माझा हात पुढे केला. तिने दह्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, विसरली असेल. मग तिने बोटांनी दही काढून माझ्या तळव्यावर ठेवलं, नीट, मधोमध. आणि तिची उजवी मूठ वर गेली.

किती वेळा, ते मी मोजलं नाही. मी तिला आवळून धरलं, फटके माझ्या खांद्यावर येत होते, काही तिच्या कानशिलावर, आणि या वेळी तिच्या तोंडून आवाज येत होता. कधीच ऐकला नव्हता मी तो. हौसाक्का खुर्चीवरून उठून आल्या आणि आम्हा दोघींच्या डोक्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मूठ सुटली. मी दही खाल्लं. तिने बघितलं.

मग ती उठली, तिसऱ्या खुंटीवरची पिशवी काढून माझ्या खांद्याला लावली आणि पट्टा सरळ केला. वाटीत अजून थोडं दही उरलं होतं. ते बोटांवर घेऊन ती पहिल्या खुंटीपाशी गेली आणि रिकाम्या खुंटीच्या टोकावर ते ठेवलं.

एस्टीचा हॉर्न वाजला. वैजू दाराकडे गेली नाही.